बॉल घालवणं हा शॉट चुकण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे का?

ह्यूस्टनकर
७ एप्रिल २०२५, सॅन अँटोनिओ. कॉलेज बास्केटबॉलची फायनल. आमचं ह्यूस्टन दुसऱ्या हाफमध्ये फ्लोरिडाच्या १२ गुणांनी पुढे होतं. शेवटी हरलो ६५-६३. दोन गुणांनी मागे, वीसेक सेकंद हातात, बॉल आमच्याकडे आणि तरी शॉटच नाही! एमान्युएल शार्पने तीनच्या शॉटसाठी उडी मारली, समोरून वॉल्टर क्लेटन अंगावर झेपावला, आणि शार्पने हवेतच बॉल सोडून दिला. आता स्वतःच हात लावला तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे नियमभंग आणि बॉल समोरच्यांना. बॉल शेजारी टप्पे खातोय आणि हा पठ्ठ्या नुसता बघतोय. फ्लोरिडाच्या पोराने त्यावर झडप घातली, संपलं.

ऑफिसातला एक मित्र म्हणतो, एका टर्नओव्हरचं (शॉट न घेताच बॉल घालवण्याचं) काय घेऊन बसलास, तुमचं शूटिंग वाईट होतं. मला हे पटत नाही. साधा हिशेब करा. एका सामन्यात प्रत्येक टीमला साधारण ६५ ते ७० पझेशन, म्हणजे बॉल घेऊन हल्ला करायच्या पाळ्या, मिळतात आणि एका पझेशनला सरासरी एक गुण, किंचित वर. शॉट चुकला तरी दहातल्या तीनेक वेळा रिबाउंड, म्हणजे उसळून आलेला बॉल, आपल्यालाच मिळतो. बॉलच घालवला तर काय मिळतं? भोपळा. म्हणजे सामन्यात पाच टर्नओव्हर कमी केले की पाचेक गुण पदरात. कॉलेजात किती सामने पाचच्या आत सुटतात ते सांगायला नको. विरोधी मतं येऊ द्या, पण ‘त्या दिवशी नशीबच खराब होतं’ हे नको, ते घरी ऐकून झालंय.

खवचट
क्रिकेटच्या भाषेत टर्नओव्हर म्हणजे डॉट बॉल. वाईट वाटतं, पण कोणी विकेट घेतलेली नाही. साठ-सत्तर पझेशनमध्ये बारा गेले तर गेले. इतकं काय?

ह्यूस्टनकर
डॉट बॉलवर समोरच्या टीमला चार रन मिळतात का हो? मधल्या मैदानात पास कापला गेला की समोरचा गार्ड एकटा सुटतो आणि आपले चार जण पाठमोरे असतात. बॉल लाइनबाहेर गेला तर निदान डिफेन्स लावायला वेळ मिळतो. हे दोन टर्नओव्हर स्कोअरशीटवर सारखेच दिसतात, हीच तर गंमत.

आकडेमोड्या
भावना समजू शकतो, पण वजनं बघू. बास्केटबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक डीन ऑलिव्हरने जिंकण्याचे चार घटक मांडले आणि त्यांना ढोबळ महत्त्व दिलं: शूटिंग ४० टक्के, टर्नओव्हर २५, रिबाउंड २०, फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) १५. म्हणजे तुमचा लाडका घटक दुसऱ्या नंबरवर. तुमचा ऑफिसातला मित्र अगदीच मूर्ख नाही.

आणि उदाहरण हवं असेल तर १९८५ ची फायनल घ्या. व्हिलानोव्हाने जॉर्जटाउनला ६६-६४ हरवलं. व्हिलानोव्हाचे टर्नओव्हर १७, जॉर्जटाउनचे ११. जास्त बॉल घालवणारी टीम चॅम्पियन! कारण २८ पैकी २२ शॉट आत, म्हणजे ७८.६ टक्के.

जाता जाता: ‘सामन्यात इतके टर्नओव्हर’ असं मोजूच नका. ६० पझेशन खेळणाऱ्या संथ टीमचे १२ म्हणजे २० टक्के. ७५ खेळणाऱ्या पळत्या टीमचे १४ म्हणजे १९ टक्क्यांच्या आत. जास्त बेफिकीर दिसणारी टीम प्रत्यक्षात जास्त जपणारी निघते.

ह्यूस्टनकर
टक्क्यांचा मुद्दा मान्य, यापुढे तसंच मोजीन. पण व्हिलानोव्हाचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. जॉर्जटाउनने शॉट किती घेतले? ५३. व्हिलानोव्हाने २८. जवळपास अर्धे! एवढी तफावत भरून काढायला ७८.६ टक्के शूटिंग लागलं आणि तरी जिंकले दोनच गुणांनी. असं शूटिंग करणारी टीम दरवर्षी आणणार कुठून? लॉटरी लागलेल्या माणसाकडे बोट दाखवून ‘नोकरीची गरज नाही’ म्हणण्यासारखं आहे हे.

आकडेमोड्या
लॉटरीचं ठीक आहे, पण तुम्ही फ्री थ्रो गाळलेत. व्हिलानोव्हा २७ पैकी २२, जॉर्जटाउन ८ पैकी ६. त्या २८ शॉटना हे २७ फ्री थ्रो धरले की तफावत बरीच कमी होते. पूर्ण जात नाही, हे कबूल.

डावखुरी
मी विद्यापीठाच्या टीममध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून डाव रचणारी, होते, पुण्यात. कॉलेजचं नाव घेत नाही. आमच्या सरांचं एकच पालुपद, “बॉल घालवला की बाहेर बसायचं.” पहिल्या वर्षी मी दोन बाउन्स पास फसवले आणि पुढचे तीन सामने बेंचवर काढले. परत आले तेव्हा अगदी शहाणी मुलगी झाले होते. बॉल आला की शेजारचीला द्यायचा. टर्नओव्हर जवळपास बंद झाले. स्कोअरही. आत कटिंग करणारी मुलगी मोकळी दिसायची आणि माझा हात उचलायचा नाही. तुमच्या हिशेबात ‘न दिलेला पास’ कुठल्या रकान्यात बसतो, ह्यूस्टनकर?

आयोवाची केटलिन क्लार्क बघा. २०२३-२४ मध्ये सामन्यामागे चारच्या वर टर्नओव्हर. आमच्या सरांनी तिला पाणी द्यायला ठेवलं असतं. पण त्याच मोसमात सर्वांत जास्त असिस्टही (ज्यावर लगेच बास्केट होतं ते पास) तिचेच, कॉलेज कारकिर्दीत ३,९५१ गुणांचा विक्रम, आणि आयोवा लागोपाठ दोन फायनल खेळलं.

खवचट
आणि दोन्ही हरलं.

डावखुरी
ती बॉल दाबून बसली असती तर ते फायनलला पोचलेच नसते. खवचटपणा आयडीपुरता ठेवा.

ह्यूस्टनकर
ताई, क्लार्क एकच असते. बाकीच्या पॉइंट गार्डांनी तिच्यासारखे अर्ध्या मैदानातून पास फेकले तर त्यांच्या टीमचं काय होईल? सामान्य टीमसाठी उदाहरण घ्यायचं तर कोच बो रायनचं विस्कॉन्सिन. २०१४-१५ मध्ये सामन्यामागे आठपेक्षा कमी टर्नओव्हर. त्या पोरांनी सेमीफायनलला ३८-० (३८ विजय, एकही हार नाही) असलेल्या केंटकीला ७१-६४ हरवलं. केंटकीकडे उंची, गुणवत्ता, सगळं जास्त होतं.

आकडेमोड्या
फायनलला ड्यूककडून ६८-६३ हरले, तेवढं गाळलंत. शिवाय त्या केंटकी सामन्याचा शेवट आठवा. केंटकी आघाडीवर होतं, मग सावध झालं. बॉल इकडून तिकडे फिरवत राहिले आणि लागोपाठ तीन पझेशनमध्ये ३५ सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायची मुदत, संपलं. तेही टर्नओव्हरच धरतात. कोणी हिसकावला नाही, कोणी चुकीचा पास दिला नाही, नुसता जपून जपून बॉल गेला. डावखुरी यांचा मुद्दा यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

ह्यूस्टनकर
हे लागलं मला. उत्तर नाही. पण एक सांगतो, विस्कॉन्सिनच्या डिफेन्सनेच त्यांना तिथे अडकवलं. म्हणजे टर्नओव्हर हा नुसता निष्काळजीपणा नसतो, समोरच्याने केलेलं कामही असतं. १९९४ मध्ये कोच नोलन रिचर्डसनच्या आर्कान्सासने चॅम्पियनशिप जिंकली ती अशाच दाबाच्या डिफेन्सवर, म्हणजे प्रेसवर. त्यांच्या खेळाला नावच होतं ‘नरकाची चाळीस मिनिटं’, कारण कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना पूर्ण मैदानभर दाबलं की पंचविसाव्या मिनिटाला हात थरथरतात.

जुना कॅरोलिनी
पोरांनो, ‘बॉल सांभाळणं’ म्हणजे काय असतं ते आम्ही बघितलंय. १९८१ मध्ये मी चॅपल हिलला, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, शिकायला आलो. बास्केटबॉलचं ओ की ठो माहीत नव्हतं. १९८२ च्या मार्चमध्ये आमच्या कोच डीन स्मिथने कॉन्फरन्सच्या (आमच्या गटातल्या विद्यापीठांच्या) फायनलला व्हर्जिनियाविरुद्ध चार कोपऱ्यांत चार पोरं उभी करून बॉल नुसता धरून ठेवला, मिनिटांमागून मिनिटं. शॉट क्लॉक नव्हतंच. जिंकलो ४७-४५. मला वाटलं, हा खेळ आहे की एसटीची वाट बघणं? असल्याच खेळाला कंटाळून पुरुषांच्या सामन्यांत १९८५-८६ पासून ४५ सेकंदांचं घड्याळ आलं. मग ३५, आता ३०. तेव्हा बॉल न घालवणं हेच ध्येय मानलंत, तर खेळ कुठे जातो ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच महिन्यात न्यू ऑर्लिन्सला जॉर्जटाउनविरुद्धची फायनल. पहिल्या वर्षाला असलेल्या मायकल जॉर्डनने शॉट टाकला, आम्ही ६३-६२ पुढे. सगळ्यांना तो शॉट आठवतो. मला त्यानंतरचे काही सेकंद आठवतात. जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउनने बॉल आणला आणि आपला माणूस समजून सरळ आमच्या जेम्स वर्दीच्या हातात दिला. सामना तिथेच संपला. आम्ही खोलीत नाचत होतो. पण टीव्हीवर दिसलं की त्यांचे कोच जॉन थॉम्पसन, एवढा धिप्पाड माणूस, त्या पोराला जवळ घेऊन उभे आहेत. बेंचवर बसवणारे सर आणि हे, डावखुरीबाई, फरक बघा.

१९८४ मध्ये जॉर्जटाउन चॅम्पियन झालं तेव्हा ब्राउन त्या टीममध्ये होता, आणि थॉम्पसननी त्याला पुन्हा मिठी मारली.

डावखुरी
काका, हे माहीत नव्हतं. आमच्या सरांना पाठवते, आता रिटायर झालेत.

आकडेमोड्या
१९८४ च्या फायनलला समोर कोण होतं, काका?

जुना कॅरोलिनी
ह्यूस्टन. ८४-७५.

ह्यूस्टनकर
धन्यवाद. मी जेवायला जातो.