एचओ मॉडेल रेल्वे लेआउट: गाडी मधे असतानाच फाटक उघडतंय

मिरज_लोको:
मंडळी मदत हवी आहे. एचओचा (१:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेचा) ओव्हल आहे, त्यावर एक फाटक, दोन एसजी९० सर्व्हो (गेट हलवणाऱ्या छोट्या मोटर), आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि दोन्ही बाजूंना स्लीपरमधे खालून वर बघणारा एकेक आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर. इंजिन आलं की गेट पडतं पण पाच डब्यांची गाडी असली की मागचे डबे फाटकावर असतानाच वर जातं आणि डब्याला अडकतं. वर सर्व्हो सारखे थरथरतात, मधेच नॅनो रीसेट होतो. सगळं नॅनोच्या ५ व्होल्टवरच आहे, नॅनो लॅपटॉपच्या यूएसबीवर. मुलगी शाळेतून आली की आधी फाटक बघायला येते, त्यामुळे नीट जमवायचंच आहे.

डिझेलशेड:
आधी पॉवर बघा दादा. लॅपटॉपच्या यूएसबीवर ५०० मिलिअँपच्या आसपासच धरायचं, दोन सर्व्हो एकदम हलले की व्होल्टेज बसतं आणि नॅनो रीसेट होतो. सर्व्होंना ५ व्होल्ट २ अँपचा वेगळा सप्लाय द्या, त्याच्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा (पोलॅरिटी बघून), आणि नॅनोचं ग्राउंड या सप्लायच्या ग्राउंडला जोडाच, नाहीतर सर्व्होला सिग्नल नीट कळणारच नाही.

घाटसेक्शन:
पॉवरचं बरोबर आहे पण गेट उघडण्याचं कारण वेगळंय. डब्याचं पोट काळं, आयआर परत येत नाही, आणि दोन डब्यांमधली फट आली की सेन्सरला वाटतं गाडी गेली. फाटकापाशी तिसरा सेन्सर लावा, तो बीमवाला, एका बाजूला आयआर एलईडी आणि समोर रिसीव्हर, पण रुळाला ४५ अंशात तिरका, म्हणजे फट आली तरी पुढचा नाहीतर मागचा डबा बीम अडवतोच. हा बीम एकदा तुटून मग सलग २ सेकंद मोकळा राहिला तरच गेट वर. बाहेरच्या दोनपैकी जो आधी लागेल तो गेट पाडेल, दुसऱ्याकडे ती गाडी त्याच्यावरून पूर्ण जाईपर्यंत लक्षच द्यायचं नाही, मग गाडी कुठूनही येऊ दे. कोडमधे डीले (कोड तिथेच थांबवून ठेवतो) वापरू नका, मिलिस (न थांबता वेळ मोजतो) वापरा, नाहीतर तेवढा वेळ सेन्सर वाचलेच जात नाहीत.

आणि अंतर मोजून घ्या. ताशी ६० किमी म्हणजे १:८७ ला सेकंदाला साधारण १९ सेंमी, गेट पडायला ४ सेकंद घेत असेल तर तेवढ्यात ७६ सेंमी गाडी पुढे येते, म्हणून बाहेरचे सेन्सर ९० सेंमीवर तरी हवेत.

मिरज_लोको:
वेगळा सप्लाय दिला, ग्राउंड जोडलं, थरथर एकदम बंद! खूप आभार दोघांचे. माझे सेन्सर फाटकापासून जेमतेम ४० सेंमीवर होते, ते लांब नेतोय. तिरका बीम रविवारी.

डिझेलशेड:
मस्त! बीम झाला की सिग्नलपण त्याच नॅनोला जोडा. खऱ्या इंटरलॉक फाटकाला गेट लॉक झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही, तसंच गेट पूर्ण खाली आल्यावरच हिरवा लावायचा. मुलीला फार आवडेल.