कॅलिफोर्नियातली 2018 ची डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याची) केस अजून तशीच पडून आहे, काय करू?

सातारकर_जर्सी:
नमस्कार मंडळी. 2018 ला सॅन डिएगोत प्रोजेक्टवर होतो, पार्टीत बिअर झाल्या आणि तशीच गाडी काढली, पोलिसांनी थांबवलं, दारूचं रीडिंग 0.10 आलं, रात्रभर आत होतो. सकाळी कोर्टाची तारीख असलेला कागद हातात देऊन सोडलं. त्याच महिन्यात न्यू जर्सीला बदली झाली आणि घाबरून तारखेला गेलोच नाही. चूक माझीच आहे, कोणाला उडवलं असतं तर, हे अजून डोक्यातून जात नाही. इथे पाथ ट्रेनने जातो म्हणून गाडीची गरजच नव्हती, आता मुलगी झाली म्हणून लायसन काढायला गेलो तर कॅलिफोर्नियाचं सस्पेन्शन दाखवून परत पाठवलं. एच-वन (नोकरीच्या व्हिसा) वर आहे, स्टॅम्पिंगच्या (पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घेण्याच्या) भीतीने तेव्हापासून भारतात गेलो नाही, एप्रिलमध्ये बाबांची पंचाहत्तरी आहे. एवढ्या वर्षांत केस आपोआप बंद झाली असेल का?

बेएरिया_काका:
नाही हो, केस दाखल होऊन तुम्ही तारखेला गेला नाहीत तर जज बेंच वॉरंट (अटकेचा हुकूम) काढतो आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. सॅन डिएगो काउंटीतलाच क्रिमिनल वकील धरा, जर्सीतला नको. मिसडिमीनर (कमी गंभीर गुन्हा) असेल तर बहुतेक वेळा वकील तुमच्या वतीने उभा राहू शकतो, वॉरंट मागे घ्यायचा अर्जही तोच करतो. आणि कोर्ट वेगळं, डीएमव्ही (लायसनचं खातं) वेगळं, हे माझ्या भाच्याच्या वेळी आम्हाला फार उशिरा कळलं. कोर्टात निकाल लागला तरी सस्पेन्शन राहतं. राज्याबाहेर राहणाऱ्यांना डीएमव्हीकडून 1650 वेव्हर (डीयूआयच्या सक्तीच्या क्लासमधून सूट) मिळतो, आयुष्यात एकदाच, त्याबद्दल वकिलाला नक्की विचारा.

मीनल_टेक्सास:
दादा, प्ली (कोर्टात गुन्ह्याची कबुली) घेण्याआधी इमिग्रेशन वकिलालाही कागद दाखवा. गुन्हा कबूल केला तर देशाबाहेर काढण्याचा धोका आहे का हे क्रिमिनल वकिलाने सांगायलाच हवं असा सुप्रीम कोर्टाचा 2010 चा निकाल आहे, पण त्यावर विसंबून राहू नका. डीएस-160 (व्हिसाचा अर्ज) मध्ये अटक झाली होती का असं विचारतात, शिक्षा झालेली नसली तरी 'हो' च लिहायचं, बोटांचे ठसे त्यांच्याकडे असतात. निकालाची सर्टिफाइड कॉपी हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका प्लीज, वॉरंट असताना परत येताना एअरपोर्टवरच धरू शकतात.

सातारकर_जर्सी:
दोघांचे मनापासून आभार. सॅन डिएगोच्या एका वकिलाशी आत्ताच बोललो, तो सोमवारी केसची फाइल काढतोय. बाबांना आज फोन करून सगळं सांगितलं, इतकी वर्षं सुट्टी मिळत नाही म्हणत होतो. ते म्हणाले, पंचाहत्तरी पुढे ढकलू, आधी ते निस्तर.