पिकअपला पी००८७ कोड येतोय, मेस्त्री पंप बदला म्हणतात. सल्ला हवा

खानापूर_पिकअप:
नमस्कार मंडळी. बीएस-४ डिझेल पिकअप आहे, कॉमन रेल इंजिन. बेळगावातून भाजी घेऊन चोर्ला घाटानं गोव्याला जातो, परतीला मासळीचे क्रेट असतात. येताना भरलेली गाडी घाट चढायला लागली की मध्येच इंजिनाची लाइट लागते आणि गाडी ओढायचं सोडते. ॲक्सिलेटर दाबून काही उपयोग नाही. बाजूला घेऊन चावी बंद करून परत चालू केली की बरी चालते. रिकामी असताना तक्रार नाही. स्कॅनर लावला तर पी००८७ दाखवला. मेस्त्री म्हणतात हाय प्रेशर पंप गेला, चारी नोझलही बघावे लागतील. खर्च माझ्या हंगामाच्या कमाईएवढा सांगितलाय. कोड आला म्हणजे पंप गेलाच असं धरायचं का? आणि बेळगावात कुणाकडं न्यावी?

निपाणी_डिझेल:
दादा, पंप आत्ताच काढू देऊ नका.

पी म्हणजे इंजिन-गिअरकडचा कोड, त्यापुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखाच लागू असलेला. त्या जागी १ असता तर बहुधा कंपनीचा स्वतःचा कोड, त्याचा अर्थ त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघावा लागतो. पी००८७ एवढंच सांगतो, की ईसीएमनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, जेवढं रेल प्रेशर (सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतलं प्रेशर) मागितलं तेवढं मिळालं नाही. का मिळालं नाही, हे त्यात नाही. टाकीतल्या जाळीपासून नोझलच्या रिटर्नपर्यंत (उरलेलं डिझेल टाकीकडं परत नेणारी नळी) कारण कुठंही असू शकतं, पंप त्यातलं एक ठिकाण.

तुम्ही लिहिलंय त्यातच बरंच कळतंय. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, रेल प्रेशर अडीच-तीनशे बारच्या आसपास पुरतं आणि डिझेलही थोडंच लागतं. भरल्या गाडीनं चढ लागला की मागणी हजार बारच्या वर जाते, डिझेलही भरपूर ओढलं जातं. फिल्टर अर्धा तुंबला असेल तर गॅरेजसमोर गाडी उभी करून काहीच कळणार नाही, ते घाटातच उघडं पडणार. म्हणून पहिला संशय फिल्टरवर, मग टाकीकडच्या पाइपावर, मग कुठं एअर ओढतोय का त्यावर.

नोझल रिटर्न जास्त सोडत असतील तर बऱ्याचदा आणखी एक लक्षण दिसतं. गरम गाडी बंद करून चहा घेऊन आलात की स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो, कारण सुरू होण्यापुरतं प्रेशर रेलमध्ये उभंच राहत नाही. तसं होतं का, ते लिहा.

कोड पुसायच्या आधी स्कॅनरमध्ये फ्रीझ फ्रेम उघडायला सांगा. लाइट लागली त्या क्षणाचे आरपीएम, लोड, स्पीड, इंजिनाचं तापमान त्यात साठवलेलं असतं. पुष्कळ ठिकाणी स्कॅनर लावला की आधी ‘इरेज’ दाबतात, आणि हाती असलेला पुरावाच जातो. मला याची फार चीड येते, कारण पुढचा माणूस मग आंधळेपणानं पार्ट बदलत बसतो.

चंदगड_लाइन:
वरच्याशी सहमत. पावसाळ्यात कॅनमधलं डिझेल घातलं होतं का? फिल्टरच्या तळाला ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि थांबा. पाणी असेल तर खाली वेगळं बसतं, डोळ्यांनी दिसतं.

नवा फिल्टर टाकताना एक बघा. बरेचजण एअर राहू नये म्हणून फिल्टर कॅनमधल्या डिझेलनं आधीच भरून बसवतात. ते डिझेल गाळलेलं नसतं, आणि स्वच्छ बाजूला पडलं तर थेट पंपात जातं. पंप-नोझलच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये असतात. फिल्टर कोरडाच बसवा आणि हँड प्रायमर (हातानं डिझेल चढवायचा छोटा पंप) कडक होईपर्यंत मारा.

टिळकवाडी_गॅरेज:
मी या धंद्यात आहे, म्हणून एक गोष्ट सगळ्यांना कळकळीनं सांगतो. जुन्या पंपाच्या गाड्यांना कुठला सिलिंडर मिस मारतोय ते बघायला चालू इंजिनावर नोझलच्या पाइपाचा नट सैल करायची पद्धत होती. जुने मेस्त्री हातच्या सवयीनं कॉमन रेललाही तेच करायला जातात. करू देऊ नका. त्या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत शिरते, बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आतलं बोट सडतं. लागलीच तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

नोझल तपासायचे तर लीक-बॅक टेस्ट करून घ्या. चारी नोझलच्या रिटर्नला पारदर्शक नळ्या लावून सारख्या चार बाटल्यांत सोडायच्या, थोडा वेळ आयडलला चालवायचं. तीन बाटल्या सारख्या आणि एक दुप्पट भरली, तर तो नोझल सापडला. रिटर्नला प्रेशर कमी असतं, त्यामुळं हे काम रेलचा एकही नट न उघडता होतं.

खानापूर_पिकअप:
सगळ्यांचे आभार. कॅनमधलं डिझेल घातलं होतं, खरं आहे. गरम असताना सेल्फला कधी त्रास नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये फ्रीझ फ्रेम बघितली, नशिबानं पुसली नव्हती: आरपीएम २३५०, लोड ९४ टक्के, स्पीड ३१, तापमान ९१. अजून एक कोड पी०२९९ पेंडिंगमध्ये आहे, तो आधी कुणी सांगितलाच नाही. म्हणजे टर्बोही गेला का?

निपाणी_डिझेल:
तापमान ठीक, लोड जवळजवळ पूर्ण. म्हणजे मागणी सगळ्यात जास्त असतानाच प्रेशर पडलंय. गरम सेल्फची तक्रार नाही, त्यामुळं नोझलवरचा संशय कमी झाला. पक्का गेला नाही.

पी०२९९ म्हणजे टर्बोचं प्रेशर मागणीपेक्षा कमी. डिझेलच कमी पडलं तर एक्झॉस्टमध्ये जोर नसतो, टर्बो मंद फिरतो, त्यामुळं हा कोड पहिल्याच्या मागोमाग आलेला असू शकतो. पेंडिंग म्हणजे एकदा दिसलाय, अजून पक्का धरलेला नाही. तरी इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) रबरी पाइपांच्या क्लॅम्पवर हात फिरवून बघा. जोडावर ताजं तेलकट ओलं आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल तर तिथून हवा सुटते. टर्बो खोलायचं नाव इतक्यात नको.

आता असं करा. आधी ओरिजिनल फिल्टर, ड्रेन करून. मग स्कॅनरवर लाइव्ह डेटात मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं रेल प्रेशर शेजारी लावून भरल्या गाडीनं चढावर न्या, स्क्रीन बघायला शेजारी दुसरा माणूस बसवा. इंजिन बंद करून थोड्या वेळानं फक्त चावी ऑन ठेवून बघा, रेल प्रेशर शून्याजवळ यायला हवं. तिथंच शंभर-दोनशे दाखवत असेल तर सेन्सर किंवा वायरिंग खोटं बोलतंय. हे सगळं नीट असून चढावर फरक वाढत गेला, तरच पंपात जाणारं डिझेल कमी-जास्त करणाऱ्या, पंपावरच्या मीटरिंग व्हॉल्व्हकडं आणि पंपाकडं वळा.

चंदगड_लाइन:
कुणाकडं न्यावी हे राहिलंच. दुकानाचं नाव देत नाही, ऑटोनगर आणि उद्यमबागेत फिरून एकच विचारा: पंप-नोझलचं टेस्ट बेंच (ते उतरवून तपासायचं मशीन) तुमच्याकडं आहे का, आणि बेंचचा रिपोर्ट छापून देता का? दोन्हीला हो म्हणणाऱ्याकडंच पंप उतरवा. जुना पार्ट परत मागायचा, हेही आधीच ठरवून घ्या.