मदत हवी आहे: प्रोटीन कमी केलं की सिलिया दिसेनात, मग 'हे प्रोटीन सिलिया बांधतं' असं लिहू का?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात एमएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिझर्टेशन प्रायमरी सिलियमवर, म्हणजे पेशीवरच्या त्या एकुलत्या एक अँटेनावर (सिलिया हे त्याचंच अनेकवचन). जरा मोठं लिहितेय पण वाचा की प्लीज, पुढच्या आठवड्यात चॅप्टर द्यायचाय.

काम असं की आरपीई१ पेशींत (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्याच्या पेशी) एका प्रोटीनचं नॉकडाउन केलं, म्हणजे त्याचं प्रमाण कमी केलं, मग ४८ तास सीरम (पेशींना वाढायला लावणारा रक्तातला द्रव) काढून घेतलं म्हणजे पेशी विभाजन थांबवतात आणि सिलिया उगवतात, आणि शेवटी असिटिलेटेड ट्यूब्युलिनची (सिलियमच्या सांगाड्यातलं, असिटिल गट लागलेलं प्रोटीन) अँटिबॉडी लावून मोजलं. कंट्रोलमध्ये निळ्या न्यूक्लियसच्या शेजारी पापणीच्या केसासारखी हिरवी रेघ एकदम स्पष्ट दिसते. नॉकडाउनमध्ये निम्म्याहून कमी पेशींत दिसते आणि दिसते तीपण फिकट. सर म्हणाले, झालं की, लिहून टाक सिलिया बांधायला हे प्रोटीन लागतं.

पण मला ते पटेना झालंय. कारण पेशी ३० मिनिटं बर्फावर ठेवल्या तर कंट्रोलमध्ये सायटोप्लाझममधल्या थोड्या तरी मायक्रोट्यूब्यूल्स (ट्यूब्युलिनच्याच बारीक नळ्या, सिलियमचा सांगाडापण ह्यांचाच) टिकतात, नॉकडाउनमध्ये जवळजवळ सगळ्या जातात. म्हणजे हे प्रोटीन सिलियम उभारतं की नुसतं मायक्रोट्यूब्यूल्सना धरून ठेवतं आणि ते नसलं की उभारलेलं सिलियम टिकत नाही? हे दोन वेगळे कसे करायचे?

माझ्या मावशीला पॉलिसिस्टिक किडनी आहे, आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला बसनं बेळगावला येते. ज्यांच्या बिघाडानं हा आजार होतो ती पॉलिसिस्टिन-१ आणि २ ही प्रोटीनं ह्याच सिलियावर बसतात हे वाचलं त्या दिवशी हा विषय घेतला, म्हणून माझ्या हातनं चुकीचं वाक्य जायला नको.

प्रतिसाद १
अगं, तुझी शंका अगदी बरोबर आहे, मी मूळची निपाणीची, ह्याच विषयात काम करते. पहिली अडचण तुझ्या अँटिबॉडीतच आहे. असिटिलेशन कमी झालं तर सिलियम जागेवर असूनही तुला दिसणार नाही. अल्फा-टॅट१ हे असिटिल लावणारं एन्झाइम नसलेले उंदीर जगतात, त्यांना सिलियापण असतात, फक्त हा सिग्नल जातो. त्यामुळं आधी एआरएल१३बी ह्या प्रोटीनच्या अँटिबॉडीनं बघ, ते सिलियाच्या पडद्यावर असतं, ट्यूब्युलिनवर अवलंबून नाही.

मग सीपी११० हे प्रोटीन बघ. आई सेंट्रिओलच्या, म्हणजे सिलियम जिथनं उगवतं त्या नळीसारख्या बुंध्याच्या, टोकावर हे झाकणासारखं बसलेलं असतं, टीटीबीके२ हे एन्झाइम आलं की ते निघतं आणि मगच मायक्रोट्यूब्यूल्सच्या नऊ जोड्यांचा सांगाडा, म्हणजे अ‍ॅक्सोनीम वाढायला लागतो. तुझ्या सिलिया नसलेल्या पेशींत सीपी११०चे दोन ठिपके (आई आणि मुलगी अशा दोन्ही सेंट्रिओलवर) दिसले तर काम सुरूच झालं नाही, एकच दिसला तर झाकण निघालं पण पुढं वाढलं नाही. तसं असेल तर आयएफटी८८ हे सिलियमात माल वाहणारं प्रोटीन कुठं अडकलंय ते बघ, सिलियमच्या आत प्रोटीन बनवणारे रायबोसोम नसतात, सगळा माल कायनेसिन-२ हे मोटर प्रोटीन वर नेतं आणि डायनीन-२ हे दुसरं खाली आणतं.

टिकण्याचा प्रश्न सोडवायला सिलिया पूर्ण येऊ दे, मग सीरम परत घाल (त्यानं सिलिया आखडायला लागतात) आणि दर दोन तासांनी लांबी मोज. नॉकडाउनमध्ये लवकर आखडल्या तर बांधणं ठीक आहे, टिकत नाहीत.

प्रतिसाद २
केआय६७ पण लाव ताई, विभाजनात असलेल्या पेशी ओळखायची खूण आहे ती. नॉकडाउनमुळं पेशी विभाजनातच राहिल्या असतील तर सिलिया येणारच नाहीत आणि उगीच प्रोटीनच्या नावावर जाईल. आणि एसआयआरएनएला (नॉकडाउन करणारा आरएनएचा छोटा तुकडा) दाद न देणारी त्याच प्रोटीनची कॉपी परत घालून सिलिया परत येतात का ते बघच.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे. सीपी११० आमच्याकडं आहे, उद्याच लावते, सरांनापण हे दाखवते. एआरएल१३बी मात्र नाहीये, मागवली तर वेळेत येणार नाही. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर ह्या भागात कुणाच्या लॅबमध्ये असेल तर दहा मायक्रोलिटर द्याल का? बर्फाचा डबा घेऊन मी स्वतः येते.