मदत हवी आहे: मॉलिंग डाउनवरची निळी फुलपाखरं कशी ओळखायची?

इंग्लंडमध्ये ससेक्सला लुईसजवळ मॉलिंग डाउनला ऑगस्टअखेर जायचं आहे. खडूच्या त्या उतारांवर तेव्हा अडोनिस ब्लू, चॉकहिल ब्लू आणि कॉमन ब्लू एकत्रच उडतात. जाळी न वापरता नुसत्या फोटोवरून फरक कसा करायचा? आणि अंडी कुठल्या झाडावर शोधायची?

रानझालर:
रंग नंतर, आधी पंखांची पांढरी झालर बघा. काळ्या रेघा झालर कापून कडेपर्यंत आल्या असतील तर अडोनिस किंवा चॉकहिल. झालर कोरी असेल तर कॉमन ब्लू. अडोनिसचा नर लखलखीत निळा, चॉकहिलचा दुधाळ, कडेला काळपट पट्टा. उन्हात एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, नाहीतर अडोनिसही फिका येतो आणि चॉकहिलमध्ये जमा होतो.

खरी डोकेदुखी माद्यांची, दोन्ही तपकिरी. मागच्या पंखाच्या कडेच्या ठिपक्यांपाशी निळे खवले असतील तर अडोनिस, पांढरे असतील तर चॉकहिल. पंख मिटलेलाच फोटो मिळाला तर ओळखीचा हट्ट धरू नका. ऑगस्टअखेर चॉकहिल विटके झालेले असतात आणि अडोनिसची दुसरी पिढी ताजी असते, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये.

गवतकाडी:
अंड्यांसाठी हॉर्सशू व्हेच शोधा, अडोनिस आणि चॉकहिल दोघांच्या अळ्या तेवढंच खातात. गोची अशी की त्याचा बहर मे-जूनमधला. ऑगस्टमध्ये तशीच पिवळी फुलं दिसली तर बहुतेक बर्ड्स-फूट ट्रेफॉइल, म्हणजे कॉमन ब्लूचं खाद्य. पान मोजा: ट्रेफॉइलला पाचच पर्णिका (एका पानाचे छोटे भाग), त्यातल्या दोन पार देठाच्या बुडाशी, व्हेचला समोरासमोर चार-पाच जोड्या आणि टोकाला एक. शेंगेचे तुकडे घोड्याच्या नालेसारखे वाकलेले दिसले की शंका संपली.

अडोनिस पानाखाली एकेक अंडं घालते, तेही दक्षिणेकडच्या उतारावर, जेमतेम ३ सेंमी गवतात, कारण तिथली जमीन तापते. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आला, ससे मेले, गवत माजलं आणि अडोनिस कित्येक उतारांवरून गेली. म्हणून आता मेंढ्या चारतात. चॉकहिलला थोडं उंच गवतही चालतं.

धागाकर्ता:
आभार! फोटोला दुपार बरी की सकाळ?

रानझालर:
दुपारी नर एका जागी ठरत नाहीत. ऊन कलल्यावर जा. चॉकहिल आणि कॉमन ब्लू गवताच्या काड्यांवर डोकं खाली करून झोपायला येतात, तेव्हा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो, निवांत निघतो. मात्र आडवं पडण्याआधी खाली बघा. गवतातले उंचवटे पिवळ्या मुंग्यांची वारुळं असतात.