शब्दचर्चा : तक्रार, फिर्याद, दाद – फसवल्या गेलेल्या ग्राहकाने कुठे कोणता शब्द वापरावा?

गोदाकाठ

२४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनासाठी आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या ज्येष्ठ नागरिक संघाला चार पानी पत्रक हवंय. ते मी लिहायला घेतलंय. विषय : फसवणूक झाली तर केंद्र आणि राज्य सरकार मिळून काय करतात. सरकारी कागदांत 'तक्रार', 'फिर्याद', 'दाद', 'निवारण', 'समन्वय', 'सहकार्य' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. पत्रक वाचणाऱ्या आजीआजोबांना मात्र एवढंच कळायला हवं की आधी फोन कुठे करायचा आणि कागद कुठे न्यायचे. म्हणून जाणकारांना विचारते. 'तक्रार' आणि 'फिर्याद' यांतला फरक थोडक्यात कसा सांगावा? 'केंद्र-राज्य सहकार्य' लिहावं की 'समन्वय'? आणि 'गंडा', 'ठकबाजी', 'लुबाडणूक' हे शब्द चालतील, की 'फसवणूक' एवढाच ठेवू?

जुना कारकून

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. 'फसवणूक' हाच ठेवा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तिचं कलम ३१८ आहे. पूर्वीचं ४२०, ज्यावरून आपण 'चारसोबीस' म्हणायला लागलो. 'गंडा' हा बातमीच्या मथळ्याचा शब्द आहे, अर्जात नको. 'लुबाडणूक' म्हटलं की जोरजबरदस्तीची छटा येते. 'अपहार' मात्र खरोखरच वेगळा. त्यात पैसे आधी रीतसर, विश्वासाने हवाली केलेले असतात आणि नंतर कुणीतरी ते खिशात घालतो. फसवणुकीत पहिल्या वाक्यापासून खोटं बोलून पैसे काढून घेतलेले असतात. अर्ज लिहिताना 'तो पहिल्यापासून काय खोटं बोलला' हे स्पष्ट आलं, तर पुढे कलम लावताना फार उपयोग होतो.

आता तक्रार आणि फिर्याद. तक्रार कुणाकडेही करता येते : दुकानदाराकडे, बँकेकडे, हेल्पलाइनवर, जिल्हाधिकाऱ्यांकडे. फिर्याद द्यायची ती पोलीस ठाण्यात. तिच्यावरून गुन्हा नोंदवला जातो, गुन्हा रजिस्टर नंबर पडतो आणि फिर्यादीला प्रत फुकट मिळते. 'दाद' मागायची ती न्याय देणाऱ्याकडे, म्हणजे आपल्या बाबतीत जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे. नाशिकमध्ये अजून सगळे 'ग्राहक मंच'च म्हणतात. पण २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला, तेव्हापासून मंचाचा आयोग झालाय.

सातपूरची

काकांनी सांगितलेला फरक मोठ्या अक्षरात छापा, ताई. माझ्या मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर 'वाहन चलन' नावाची फाइल आली. तिने ती उघडली आणि संध्याकाळपर्यंत खात्यातून तीनदा पैसे गेले. तिने लगेच १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, हे फार चांगलं केलं. मोबाइलवर पावती क्रमांक आला आणि ती निश्चिंत झाली. तिच्या मते 'गुन्हा दाखल झाला'. तो पावती क्रमांक तक्रारीचा होता. गुन्हा दाखल झालेलाच नव्हता.

१९३०चं काम कसं चालतं तेही पत्रकात यायला हवं, कारण केंद्र आणि राज्य एकत्र काम करतात म्हणजे नेमकं काय, ते तिथेच दिसतं. पोलीस हा राज्याचा विषय, घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीमधली दुसरी नोंद. पण ठग बसलेला असतो झारखंडात नाहीतर राजस्थानात, खातं तिसऱ्याच राज्यातलं आणि पैसे काढले जातात चौथ्या. एकट्या महाराष्ट्राच्या पोलिसांचे हात तिथवर वेळेत पोचत नाहीत. म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२१ मध्ये एक सामाईक यंत्रणा उभी केली. फोन आपल्याच राज्यातले पोलीस घेतात, माहिती त्या यंत्रणेत भरतात, ती थेट बँकेकडे जाते आणि पैसे जिथवर गेले असतील तिथे अडवायचा प्रयत्न होतो. पैसे पुढच्या खात्यात सरकले असतील, तर इशारा त्या पुढच्या बँकेला जातो. म्हणून फोन पहिल्या तासाभरात व्हायला हवा. पुढचा तपास पुन्हा आपल्याच सायबर पोलीस ठाण्याचा, शहरात शहराच्या आणि जिल्ह्यात ग्रामीणच्या.

आणखी एक. बँकेतून मावशीला उत्तर आलं, 'समोरच्या खात्यावर लिएन मार्क झाला आहे.' ते ऐकून ती घाबरली, तिला वाटलं आपल्याच खात्याचं काही झालं. याला मराठीत काय लिहावं?

जुना कारकून

सरकारी शब्द 'धारणाधिकार'. पत्रकात तो घालू नका, कुणाला कळणार नाही. 'पैसे अडवले' लिहा. आणि त्याच्या शेजारीच लिहा की अडवले म्हणजे परत मिळाले नव्हे. ते सोडवायला सहसा न्यायालयाचा आदेश लागतो आणि तिथे पोलिसांचा कागद उपयोगी पडतो. म्हणून १९३०नंतर पोलीस ठाण्याची पायरी चुकवायची नाही.

निफाडकर

माझा मुद्दा 'ग्राहक' या शब्दाबद्दल. आमच्याकडे शेतकरी स्वतःला ग्राहक मानतच नाही. ग्राहक म्हणजे मेन रोडवर साडी घेणारा, असाच समज. पण बियाणं, औषध, खत विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय. बियाणं उगवलं नाही, तर शेतकऱ्याला ग्राहक आयोगात दाद मागता येते.

इथेही कायदा केंद्राचा : बियाणे कायदा १९६६चा, बियाणे नियंत्रण आदेश १९८३चा. पण दुकानाचा परवाना, तपासणी, नमुने घेणं हे सगळं राज्याच्या कृषी खात्याचे गुणनियंत्रण निरीक्षक करतात. हंगामात भरारी पथक येतं ते राज्याचंच. त्यामुळे 'बोगस बियाण्याची तक्रार' आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. पाहणी होऊन पंचनामा होईपर्यंत पीक मोडू नये, बियाण्याची पिशवी, टॅग आणि पावती जपून ठेवावी. हे वाक्य पत्रकात आलंच पाहिजे. नांगर फिरवला की पुरावा गेला.

याउलट द्राक्ष घेऊन पैसे न देता पळालेला व्यापारी. तिथे शेतकरी विकणारा आहे, ग्राहक नाही. त्याचं काम आयोगात होत नाही. तिथे फिर्यादच. दरवर्षी निफाड-दिंडोरीत कुणी ना कुणी हातात शेवटी फक्त कच्ची चिठ्ठी घेऊन फिरत असतो. फार जिव्हारी लागतं ते.

गोदाकाठ

दादा, हे पत्रकात नक्की घेते. आमच्या संघातल्या निम्म्या लोकांची गावाकडे बाग आहे.

भाषांतरवाली

'सहकार्य' की 'समन्वय' यावर थोडं. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनबद्दलचा मजकूर मराठीत करताना मला हाच पेच पडला होता. ते कमिशन १९१४चं, सगळ्या देशासाठी एक. शिवाय प्रत्येक राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल आपापल्या कायद्याने फसवणुकीचे दावे लावतो. दोघे तक्रारींची माहिती एकमेकांना देतात आणि पुष्कळदा एकाच कंपनीवर एकत्र जातात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कमिशनचा ग्राहकांना पैसे परत मिळवून देण्याचा एक महत्त्वाचा मार्ग बंद केला, तेव्हा राज्यांच्या साथीचं मोल आणखी वाढलं. तिथे दोघे आपापल्या बळावर उभे राहून हात मिळवतात, म्हणून 'सहकार्य' बसतं. (त्या पदाला 'महान्यायवादी' मात्र म्हणू नये. आपल्याकडे ते केंद्र सरकारचे वकील. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तो लोकांनी निवडून दिलेला असतो.)

आपल्याकडे घडण वेगळी. बहुतेक ठिकाणी कायदा केंद्राचा आणि माणसं राज्याची. अन्नभेसळीचा कायदा केंद्राचा, २००६चा, पण मिठाईच्या दुकानात नमुना घ्यायला येतो तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी. वजनमापांचंही तसंच : वजनाचं मानक ठरवणं केंद्राकडे, काट्यावर शिक्का मारणारा निरीक्षक राज्याचा. म्हणून माझं मत 'समन्वय'. त्याहून बरं म्हणजे सरळ 'कायदा केंद्राचा, अंमलबजावणी राज्याची' असं लिहा.

जुना कारकून

'सहकार' हा शब्द तर अजिबात नको. महाराष्ट्रात सहकार म्हटलं की साखर कारखाना आणि पतसंस्थाच डोळ्यांसमोर येते. पतसंस्थेवरून आठवलं, यावर पत्रकात अख्खं पान द्या. माझ्या नोकरीत मी सर्वांत जास्त हतबल लोक बघितले ते याच कारणाने.

साधी पतसंस्था १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखालची. तिची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे जाते. पण पाटीवर 'मल्टिस्टेट' असेल, तर ती २००२च्या केंद्रीय कायद्याखाली येते आणि तिचे निबंधक दिल्लीत. गल्लीतलीच शाखा, ओळखीचाच मॅनेजर. ठेवीदार उपनिबंधकांच्या कचेरीत येतो, रांगेत उभा राहतो आणि खिडकीवर ऐकतो, 'ही आमच्याकडे येत नाही.' मुलीच्या लग्नाचे पैसे अडकलेला माणूस ते वाक्य ऐकून जिन्यावरच बसलेला मी पाहिलाय. २०२३च्या दुरुस्तीने अशा संस्थांसाठी सहकार लोकपाल आणला, तिथे तक्रार करता येते. पण ठेवीची पावती हातात घेताना 'मल्टिस्टेट' या एका शब्दाने आपलं गाऱ्हाणं नाशिकहून दिल्लीला जातं, हे ठेवीदाराला कुणी सांगत नाही.

तसाच 'बँक' हा शब्द. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. बोलताना आपण दोन्हींना बँकच म्हणतो.

आणि जिथे संस्थाच पैसे बुडवून पसार होते, तिथे दोन कायदे हाताशी आहेत. राज्याचा १९९९चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणारा कायदा, ज्याला पोलीस 'एमपीआयडी' म्हणतात, आणि केंद्राचा २०१९चा, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा. केंद्राच्या कायद्यातही इथला सक्षम अधिकारी राज्य सरकारच नेमतं. दोन्हींचा सारांश एक : मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे पैसे द्यायचे. फिर्याद आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेली आणि 'एमपीआयडी लावा' हे शब्द ठेवीदारांनी लावून धरले, तर फरक पडतो. एकेकट्याने जाण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून जावं.

सातपूरची

काका, जाहिरातींचं राहिलं. कॉलेज रोडवर क्लासचे फलक बघा, 'शंभर टक्के निकाल', 'निवड पक्की'. यासाठी 'खोटी जाहिरात' म्हणायचं का?

जुना कारकून

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातला शब्द 'दिशाभूल करणारी जाहिरात'. तो जास्त उपयोगी, कारण एक अक्षर खोटं नसतानाही दिशाभूल करता येते. त्यावर कारवाई करतं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, दिल्लीत. दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. २०२४ मध्ये त्यांनी खास क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. पण तक्रार घेऊन दिल्लीला जावं लागत नाही. त्याच कायद्याच्या कलम १७प्रमाणे ती आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते आणि कलम १६प्रमाणे ते चौकशी करून अहवाल प्राधिकरणाला पाठवतात. केंद्र आणि राज्य जोडणारी ही तरतूद फार मोलाची आहे आणि नाशिकमध्ये ती वापरणारे फार थोडे. अर्जावर 'कलम १६ व १७ अन्वये' एवढं लिहा, म्हणजे तो आवक-जावकमध्येच पडून राहणार नाही.

स्वतःचे पैसे परत हवे असतील, तर मात्र जिल्हा आयोगच. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यात, पाच लाखांपर्यंत फी नाही. कंपनी बेंगळुरूची असली, तरी आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथे दाद मागता येते.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सायबरच्या भागासाठी हे वाक्य केलंय, बघा : 'ऑनलाइन फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर तक्रार नोंदवावी व त्यानंतर संबंधित यंत्रणेकडे फिर्याद द्यावी.'

भाषांतरवाली

'संबंधित यंत्रणेकडे' काढा, ताई. रात्री अकरा वाजता पैसे गेलेल्या माणसाला त्यातून काही कळत नाही.

गोदाकाठ

काढलं. 'आपल्या हद्दीतील सायबर पोलीस ठाण्यात' केलं. पण पाथर्डी फाट्याच्या पुढे राहणारे विचारतात, शहर की ग्रामीण? आणि चुकीच्या ठिकाणी गेलो, तर परत पाठवतात.

जुना कारकून

मग 'हद्दीतील'ही काढा, 'जवळच्या पोलीस ठाण्यात' लिहा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर माहिती नोंदवून घ्यावीच लागते, मग ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. ठाण्यात म्हणायचे शब्द जसेच्या तसे छापा : 'शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्या आणि मला प्रत द्या.'