मदत हवी आहे: उघड्या निवाऱ्यात सामान सोडून जायचं तर कसं ठेवावं?

जंगलातल्या एका निवाऱ्यात मुक्काम ठरलाय, तीन बाजूंना भिंती, वर पत्रा, पुढून सताड उघडा. दिवसा छोटी सॅक घेऊन वर चढायचं आणि स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, जास्तीचे कपडे तिथेच ठेवून जायचं असा बेत आहे. दारच नाही म्हटल्यावर कुलपाचा प्रश्न मिटला, पण मला माणसांपेक्षा उंदरांची धास्ती जास्त आहे. ग्रुपमधला एक म्हणतो सगळ्या चेन गच्च लाव आणि सॅक खुंटीला अडकव, दुसरी म्हणते उंदीर खुंटीवरून आरामात उतरतो. कोणाचं ऐकू? त्या भागात अस्वलंही आहेत, मग खाणं कुठे ठेवायचं? आणि गॅसचं काय, पत्रा दुपारी जाम तापतो म्हणे.

प्रतिसाद १
दुसरीचं ऐका. वाशाला पातळ दोरी बांधा, मध्यावर रिकामा पत्र्याचा डबा तळाला भोक पाडून ओवा, तो खाली सरकू नये म्हणून गाठ मारा आणि दोरीच्या टोकाला आडवी काठी बांधून तिला सॅक लटकवा. उंदीर दोरीवरून डब्यापर्यंत येतो, डबा डुगडुगतो, पुढे जाता येत नाही. भिंतीपासून लांब टांगा, नाहीतर गडी सरळ उडी मारतो. आणि चेन उघड्या ठेवा! बंद दिसली की कापड कुरतडून शिरतो, उघडी असली की हुंगून निघून जातो. घामट पट्टेसुद्धा मिठासाठी चावतात.

प्रतिसाद २
अस्वलं असतील तर खाणं निवाऱ्यात नकोच, टूथपेस्ट आणि साबणही त्यातच धरा. तिथे लोखंडी पेटी असेल तर उत्तम, नसेल तर जमिनीपासून ४ मीटर उंच आणि खोडापासून २ मीटर लांब टांगा. गॅसचा डबा स्टोव्हपासून सोडवून सावलीत ठेवा, ५० अंशांच्या वर तापता कामा नये. अजून एक, उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, हंताव्हायरसचा (उंदरांकडून माणसाला होणाऱ्या गंभीर आजाराचा विषाणू) धोका असतो. ब्लीचच्या पाण्याने भिजवून ५ मिनिटांनी हातमोजे घालून पुसा.

धागाकर्ता
डब्याची आयडिया भारी! पण चेन उघडी ठेवली आणि पाऊस आडवा आला तर?

प्रतिसाद १
स्लीपिंग बॅग आणि कपडे ड्राय बॅगमध्ये (पाणी आत न जाणारी पिशवी) भरून सॅकमध्ये टाका. सॅक भिजली तर भिजू दे.